सहा पानांचा हाका

माझे वडील चांद्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. छपाईत बिघडलेली पत्रकं ते घरी आणत, आणि मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. म्हणून असेल, मामाला खुशालीचं पत्र लिहितानाही माझ्या हातून 'बंधुभगिनींनो' उमटायचं.

आलापल्लीच्या पुढच्या एका गावात मी शाळेवर रुजू झाले. त्याच वर्षी ऐन मोहफुलांच्या दिवसांत नाल्यापलीकडचं रान सागाच्या तोडीसाठी बंद झालं. गावाची निम्मी मोहाची झाडं तिकडेच. फुलं गळतात जेमतेम तीन आठवडे. बाया पहाटे टोपल्या घेऊन जात आणि जंगलाचा नाकेदार त्यांना नाल्यावरूनच परत पाठवी. माझं डोकं तापलं. दोन दिवस खपून मी सहा पानी अर्ज लिहिला. त्याची सुरुवात साम्राज्यशाहीपासून होती.

तो घेऊन मी जंगलखात्याच्या कचेरीत गेले. तिथले साहेब मद्रासकडचे. मराठी कळे, बोलत बेताचं. माझ्यासोबत गावातले एक म्हातारे गोंड शेतकरी होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी उभी राहून अर्ज वाचू लागले. दुसऱ्या पानावर साहेबांनी हात वर केला. "डोन्ट बीट अबाउट द बुश, मॅडम," म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

शब्द सगळे ओळखीचे होते, अर्थ लागेना. व्हरांड्यात आलो तसं भाऊंनी विचारलं, "काय म्हनून राह्यला साहेब?"

"झुडपांभोवती काठ्या बडवू नका म्हणतो. आपण कधी बडवल्या? सरळ अपमान आहे हा. आता सातवं पान लिहिते."

भाऊ खोकला लागेपर्यंत हसले. "बाई, जवानीत म्या साहेबलोकांच्या शिकारीत तेच तं केलं. हाक्याले जाचं, झुडपाभोवती काठ्या बडवाच्या, डबे वाजवाचे, बोंबलाचं. वाघ मारनारा मचानावर गप बसे. साहेब बराबर बोलला. तुमी मघापासून हाकाच करून राह्यल्या. वाघ कुठी हाये?"

"कसला वाघ?"

"मोहफूल, बाई. अजून त्याचं नाव नाई निंगालं."

माझे कान गरम झाले. सहाही पानं मी भाऊंच्या हातात दिली आणि साहेब बाहेर येताच म्हटलं, "तोड आठनंतर सुरू होते. फुलं पहाटे वेचतात. आठपर्यंत बायांना नाल्यापलीकडे जाऊ द्या."

साहेबांनी तिथेच नाकेदाराच्या नावे दोन ओळी लिहून दिल्या. मग विचारलं, "हे पहिल्या पानावर का नाही?"

"पयल्या पानावर इंग्रज बसला व्हता, साहेब," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायांबरोबर मीही नाला ओलांडला. झाडाखालची जमीन फुलांनी पिवळट झाली होती, आणि मला वेचायला शिकवताना बाया माझ्या वाकण्याला हसत होत्या. दुपारी भाऊंनी शाळेत पुडी आणून दिली. आत भाजलेली मोहफुलं होती. पुडीचा कागद माझ्या अर्जाचं पहिलं पान होतं.

त्या पानावरचं एकही वाक्य मी मागे घेतलेलं नाही. फक्त आता आधी वाघ लिहिते.