ओळख करून देणारा माणूस

चिंचवड स्टेशनजवळच्या एका हॉटेलात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी लघुउद्योजकांची बैठक भरते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा गाळा सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. कारखान्यात वापरतात ती व्हर्नियर, मायक्रोमीटर असली साधनं बरोबर माप दाखवतात का, ते तपासून प्रमाणपत्र द्यायचं, हे माझं काम. दुसऱ्याच्या लॅबमध्ये बारा वर्षं तेच केलं होतं, त्यामुळे कामाची भीती नव्हती. भीती होती ती माणसांची. माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत कामगार होते. आमच्या घरात मालक लोकांचा विषय निघायचा तो फक्त संपाच्या वेळी. आणि आता त्याच लोकांच्या घोळक्यात शिरून मला हसत हसत कार्ड द्यायचं होतं.

कार्डांचा अख्खा गठ्ठा नेला होता. पोह्यांची बशी धरून उभी राहिले आणि जवळून कुणी गेलं की एक कार्ड पुढे करत राहिले. लोक घेत होते, न बघता खिशात टाकत होते.

"किती वाटली, ताई?"

पन्नाशीचे एक गृहस्थ शेजारी येऊन उभे होते. कडक इस्त्रीचा निळा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"पंधरा-वीस झाली असतील."

"त्यातल्या एकाचा तरी धंदा काय, ते सांगा बरं मला."

विचारलं कुणालाच नव्हतं. ते हसले, पण त्यात टिंगल नव्हती. बोलण्यात मराठवाड्याचा हेल होता.

"कार्डं पर्समध्ये टाका. इथं आलं की दोनच माणसांशी बोलायचं. त्यांची अडचण काय हाय ते विचारायचं, आपलं सांगायची घाई करायची नाही. घरी गेल्यावर लिहून ठेवायचं अन् तीन दिवसांच्या आत फोन करायचा. नंतर माणूस चेहरासुद्धा विसरतो."

मग ते मला खिडकीजवळ उभ्या असलेल्या एका कारखानदाराकडे घेऊन गेले. त्यांचा प्रेस पार्ट्सचा कारखाना होता. "राव, तुमचं क्वालिटीचं ऑडिट आलंय ना? ह्या ताई मापं तपासून देतात. हातचं काम सोडून ऐका ह्यांचं." माझं पहिलं मोठं काम मला तिथे मिळालं.

पुढची दोन वर्षं मी त्यांना दर महिन्याला भेटत होते. चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे, असं ते सांगत. त्यांच्या कार्डावरचा छापील नंबर पेनानं खोडून खाली दुसरा लिहिलेला असे. "कंपनीनं सिम बदललं," ते म्हणाले होते. बैठकीत ते एका जागी कधी थांबत नसत. याचा हात धरून त्याच्याकडे ने, त्याला याच्या शेजारी बसव. किती जणांची कामं त्यांनी जुळवून दिली असतील, कोण जाणे. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

एकदा बैठक संपल्यावर पार्किंगमध्ये त्यांनी मला थांबवलं.

"ताई, तुमच्याकडं जागा निघंल का एखादी? कागदपत्रं सांभाळणं, पार्ट्यांशी बोलणं, असलं काही. माझ्या ओळखीचा एक माणूस हाय. वय जरा जास्त हाय, पण प्रामाणिक."

"पाठवा ना बायोडाटा, सर."

त्याच दिवशी त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र टाकलं आणि फाइल उघडली नाही. लांबचा मेहुणा नाहीतर पुतण्या असेल, असं मनात आलं एवढंच. खरं म्हणजे तेव्हा माझ्याकडे जागा रिकामी होती. मी ऑनलाइन जाहिरात देऊन एकाला घेतलं, तो दोन महिन्यांत सोडून गेला.

पुढच्या बैठकीत मीच ओशाळून म्हणाले, "तुमच्या त्या माणसाचं बघते हं, सर."

"घाई नाही, ताई," ते म्हणाले आणि दुसऱ्या कुणाची तरी ओळख करून द्यायला गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा नाही. एव्हाना मला बोलता येऊ लागलं होतं.

वर्ष होत आलं असेल. चाकणच्या एका कंपनीत तपासायची साधनं आणायला गेले होते. सकाळचे अकरा वाजले होते. गेटवर गाडी थांबवून मी खाली उतरले. टोपी घातलेला गार्ड रजिस्टरवर वाकलेला होता.

"कुणाकडं जायचंय, मॅडम?"

चेहरा दिसायच्या आधी मी आवाज ओळखला.

"सर? तुम्ही?"

त्यांनी वर पाहिलं नाही. गाडीचा नंबर विचारला, तो मी सांगितला. पुढे त्यांनी काहीच विचारलं नाही. माझं नाव लिहिलं, गाळ्याचं नाव लिहिलं आणि मग शेवटच्या रकान्यात माझा मोबाइल नंबर लिहिला. दहाही आकडे, न थांबता.

"सर, मी..."

"मागं गाडी थांबलीय, मॅडम." त्यांनी पास माझ्या हातात दिला.

आत रिसेप्शनला बसून मी फोनमधली ती फाइल शोधून काढली. उघडली. वर त्यांचाच फोटो होता, त्याच निळ्या शर्टातला. ओळखीचा माणूस म्हणजे ते स्वतःच होते. शेवटच्या नोकरीपुढे ती सुटल्याचा महिना लिहिला होता. आमची पहिली भेट झाली त्याच्याही आधीचा. म्हणजे ज्या सकाळी त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, त्या सकाळी त्यांच्या हाताला काम नव्हतं.

मी काम टाकून तशीच गेटवर आले. तिथे दुसराच गार्ड होता. "जेवायला गेलेत," म्हणाला. साडेअकराही वाजले नव्हते. मी तासभर थांबले, ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना परत गेले, तेव्हा कळलं की त्यांची दुसऱ्या ठिकाणी बदली झाली.

"अशी अचानक?"

"त्यांनीच मागून घेतली, मॅडम. कालच."

सिक्युरिटी एजन्सीचं ऑफिस माझ्या घराजवळ, रहाटणीतच निघालं. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "काही तक्रार आहे का त्यांच्याबद्दल?"

"नाही हो. मला त्यांना काम द्यायचंय."

त्यानं रजिस्टर चाळलं. बदलीच्या जागी न जाता ते नोकरीच सोडून गेले होते. पुनावळ्यात भाड्यानं राहायचे, मी ती खोलीही शोधली. तिथे नवीन कुटुंब आलं होतं. फोन बंदच लागत होता.

तेव्हापासून चाकणचा रस्ता मला सरळ पार करता येत नाही. तिथे कंपनीला लागून कंपनी आहे आणि प्रत्येकीला गेट. प्रत्येक गेटवर टोपीखाली मान घातलेला एक माणूस असतो. मी वाकून बघते. शनिवारच्या बैठकीतही चहा घेताना मागून कुणी "ताई" म्हटलं की मी कप ठेवून वळते.

यंदा समितीनं नव्या सदस्यांसमोर मला बोलायला सांगितलं. अशा बैठकांतून जास्तीत जास्त फायदा कसा करून घ्यायचा, हा विषय. मी चार मुद्दे काढून नेले होते. दोनच माणसांशी बोला, अडचण विचारा, लिहून ठेवा, तीन दिवसांत फोन करा. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत आले. मग मी तो कागद बाजूला ठेवला आणि हे सगळं जसं घडलं तसं सांगितलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

चहाच्या वेळी प्रेस पार्ट्सवाले माझ्याकडे आले. त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर तीच फाइल होती. खाली प्रेस पार्ट्सवाल्यांनी स्वतः दिलेलं उत्तर: नक्की बघतो भाऊ.

"ओळखीचा माणूस हाय म्हणाले होते मला," ते म्हणाले.

थोड्या वेळानं आणखी दोघं आले. एकाला ती फाइल आमच्या आधी आली होती, एकाला नंतर. चौघांपैकी कुणीच ती तेव्हा उघडली नव्हती.

"तुमच्याकडे जागा होती का हो तेव्हा?" एकानं मला विचारलं.

"होती."

"माझ्याकडंपण होती," तो म्हणाला आणि कप खाली ठेवून बाहेर गेला.

आता आम्ही चौघंही शोधतो. गेल्या आठवड्यात प्रेस पार्ट्सवाल्यांचा फोन आला. महाळुंग्याच्या एका गेटवर तसाच माणूस दिसला म्हणे. मी दुपारी गेले. ते दुसरेच कुणीतरी होते, साधारण त्याच वयाचे. त्यांनी विचारलं, कुणाला भेटायचंय. मी त्यांना नाव सांगितलं. त्यांनी बराच वेळ कंपनीतल्या माणसांची यादी वरून खाली पाहिली आणि म्हणाले, "ह्या नावाचं इथं कुणी नाही, मॅडम."