किल्लीमावशीची चार वाक्यं

त्या दिवशी सकाळी ताई माझ्या शिलाई मशीनसमोर उभी राहून बोलायचा सराव करत होती. हातात वहीचं पान, त्यावर चार वाक्यं. कंपनीची माणसं अकरा वाजता शाळेत येणार होती, आणि ती त्यांना हे तोंडावर सांगणार होती.

"साहेब, तुम्हाला दिसतात ते तास खोटे आहेत."

मी कापड कापत होते. म्हटलं, "अगं, पहिल्याच वाक्याला? आधी नमस्कार कर, चहा तरी पिऊ दे त्यांना."

"चहा प्यायला की ते उठतात. मागच्या वेळी बघितलंय मी."

"मग तिसऱ्या वाक्यात घाल."

"तिसऱ्यापर्यंत मोठ्या बाई मला बोलू देतील होय?"

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या हेडबाई. ताई त्यांच्या हाताखाली शिपाई होती, एकोणीस वर्षं. मी म्हटलं, "नोकरी घालवशील." ती म्हणाली, "घालवली तर तुझ्याकडे काज-बटणं करीन, तुला तरी कुठं धड जमतात." मग डावा खांदा चोळत बसली. म्हणाली, दंड दुखतोय. मी म्हटलं, झाडून झाडून दुखत असेल, बाम लाव. मीच म्हटलं ते. बामची डबी पण मीच काढून दिली. तिने लावला आणि साडेसातला गेली.

मला नीट लिहिता येत नाही, बोलते तसंच टाइप करतेय. ताईची माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त, ती सातवी. पण कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची म्हणून पोरं तिला किल्लीमावशी म्हणायची.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीने शाळेला वीस कॉम्प्युटर दिले. मुलांनी कोडिंग का काय ते शिकावं म्हणून. रिबीन कापली, फोटो काढले, विज्ञानाच्या सरांना दोन दिवस ट्रेनिंग दिलं. ताई पाणी द्यायला म्हणून मागे उभी होती, ती दोन्ही दिवस उभीच राहिली. वर्षभरात सरांची बदली झाली. शिकवणारं कोणी उरलं नाही. मोठ्या बाईंनी खोलीला कुलूप लावलं, म्हणाल्या, पोरं हात लावतील, बिघडतील, भरून कोण देणार. मला वीस खोळी शिवायला सांगितल्या. मी शिवल्या, निळ्या कापडाच्या, खाली नाडी. ताई रोज त्या झटकून पुन्हा घालायची. बाळाला अंगडं घालतात तशी.

मग कंपनीचं पत्र आलं. कोण किती वेळ कॉम्प्युटरवर बसतं ते त्यांना तिकडे त्यांच्या ऑफिसात दिसतं म्हणे. तुमच्या शाळेचे तास शून्य आहेत, असंच राहिलं तर मशीन परत नेऊ. मोठ्या बाईंचं धाबं दणाणलं. ताईला म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडे किल्ली आहे ना, सकाळी सगळे चालू करत जा." नुसतं चालू करून भागेना, प्रत्येक पोराचं नाव आणि पासवर्ड टाकावा लागायचा. ताई एका बोटाने वीस नावं टाकायची. वीस पोरांच्या जागी ती एकटी. दुपारी जाऊन बंद करायची. महिनाभरात शून्याचे तास झाले, कंपनीच्या यादीत शाळेच्या नावापुढे लालचं हिरवं झालं. कंपनीने शाबासकीचा कागद पाठवला, तो मोठ्या बाईंच्या खोलीत काचेत लावलाय.

ताईला वाटलं आपण मशीन वाचवली. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघींनी त्या दिवशी दोन कप जास्त चहा केला.

शाळा सुटल्यावर ती सहा मुलींना गुपचूप आत घ्यायची. स्क्रीनवर एक होडी असते, तिला हुकूम लिहायचे. दहा पावलं पुढे, उजवीकडे वळ. ट्रेनिंगला मागे उभी राहून ताई एवढं शिकली होती आणि तेवढं तिने त्या मुलींना शिकवलं. घरीपण तेच चालायचं तिचं. "चार पावलं पुढे, डावीकडे वळ, गॅस बारीक कर." मी म्हणायचे, "मी तुझी होडी नाही." ती म्हणायची, "होडी ऐकते तरी."

पण पोरी पुढे गेल्या. त्यातली एक चष्मेवाली, रिक्षावाल्याची मुलगी, विचारायला लागली, "मावशी, होडीने खडक दिसला की आपणहून वळायला पाहिजे. त्याला काय लिहायचं?" ताईला येत नव्हतं. ती म्हणाली, उद्या सांगते. असे किती उद्या गेले. घरी यायची तर तोंड एवढंसं. म्हणायची, "ती मला अडाणी समजत नाही गं, तिला वाटतं मावशी विसरली."

मग एक दिवस चढावरच्या शाळेतली शिपाईबाई तिला भेटली. त्यांच्याकडेपण तेच कॉम्प्युटर. त्यांचे तास लालच राहिले होते. तर कंपनीने मशीन नेली नाहीत, उलट आठवड्यातून दोन दिवस शिकवायला एक बाई पाठवायला लागली. जिथे लाल तिथे आधी माणूस पाठवायचं, असा नवा नियम झाला होता. आमचं हिरवं, म्हणजे आमचं उत्तम चाललंय, आम्हाला माणूस कशाला?

ताई त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "मीच आडवी आले पोरींना. माझ्या या बोटाने." आणि बोट दाखवलं. मी म्हटलं, तू काय मुद्दाम केलंस का. त्याने तिचं समाधान झालं नाही. तेव्हाच तिने ठरवलं, कंपनीची माणसं येतील तेव्हा सांगून टाकायचं. कितीतरी पानं फाडून चार वाक्यं जमवली.

बाम लावून गेली त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास ती कॉम्प्युटरच्या खोलीत पडली. सगळी मशीन चालू केलेली होती, खोळी काढून घड्या करून ठेवलेल्या. शाळेच्या क्लार्कने व्हॅनमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रस्त्यातच गेली. मी पोचले तेव्हा तिच्या अंगाला बामचा वास येत होता.

क्लार्क भला माणूस, रडत होता. त्यानेच मला नंतर सांगितलं, कंपनीची माणसं ठरल्याप्रमाणे अकराला आली. मोठ्या बाईंनी त्यांना वीसच्या वीस चालू कॉम्प्युटर दाखवले. एकाने विचारलं, ही खोली कोण बघतं? मोठ्या बाई म्हणाल्या, आमची शिपाईबाई, आज रजेवर आहे. फोटो काढले, चहा प्यायले, गेले. मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, माझा हात धरून बसल्या. पण उठताना किल्ली मागितली. मी दिली.

दवाखान्यात मला तिच्या वस्तूंची पिशवी दिली होती. चष्मा, रुमाल, फोन, ती किल्ली आणि ते पान. चार घड्या घातलेलं. ते मी कुणाला दिलं नाही.

दहाव्या दिवशी मी एका मुलीचा युनिफॉर्म शिवत होते तर ताईचा फोन वाजला. शाळेच्या कागदावर कॉम्प्युटर खोलीपुढे तिचाच नंबर होता. एका तरुण मुलीचा आवाज.

"मॅडम, मी कंपनीतून बोलतेय. तुमच्या शाळेचे तास गेल्या आठवड्यात एकदम शून्य आलेत. इंटरनेट बंद आहे का?"

मी म्हटलं, "इंटरनेट चालू आहे. माणूस गेलंय."

"कळलं नाही मॅडम."

"मी मॅडम नाही. मॅडम गेल्या. मी त्यांची धाकटी बहीण, शिवणकाम करते. तुमच्या त्या वीस मुलांचे तास होते ना, ते सगळे तिचे एकटीचे."

मला वाटलं आता फोन ठेवेल. पण ती म्हणाली, "तुम्ही सावकाश सांगा."

मला सांगता येईना. मी पान उघडलं आणि वाचलं, तिने लिहिलं होतं त्याच क्रमाने. साहेब, तुम्हाला दिसतात ते तास खोटे आहेत. ते मी केले, पोरींचा दोष नाही. सहा मुली खरोखर शिकतात, पण मला होडी वळवण्यापुरतंच येतं. मशीन नेऊ नका, पुढचं शिकवणारं माणूस द्या.

ती मुलगी म्हणाली, "शेवटचं वाक्य परत वाचाल का?"

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज यायला लागला. मी ते परत वाचलं, एकेक शब्द थांबून थांबून, तिला टाइप करता यावं म्हणून.