शेवंतीच्या हातांना वाळ्याचा वास

शेवंती पार्ल्यात बाळ-बाळंतिणींना तेल लावायची. चारकोपहून सकाळच्या बसने यायची आणि दुपारपर्यंत आमच्या इमारतीत नि आसपास पाच घरं करायची. नवऱ्याची, काशीरामची, गिरणी संपात बंद पडली त्याला चार वर्षं झाली होती. ही घरं गेली तर चूल विझेल, हे ती स्वतःच सांगे.

आमचा कुत्रा सरदार तेव्हा तेरा वर्षांचा. माझे यजमान श्यामसुंदरराव नाटकांत राजे रंगवायचे आणि हा त्यांच्या खुर्चीखाली रंगपटात झोपायचा. ते गेले, माझंही नाटक सुटलं. उरला हा आणि त्याचे धरलेले सांधे. उठताना असा ओरडायचा की मी कान झाकून घ्यायची. डॉक्टरांनी शेवटच्या सुईची गोष्ट काढली होती.

त्या दुपारी त्याचं कण्हणं ऐकून जिना उतरणारी शेवंती दारात थांबली.

"कुठे दुखतं ते सांगता येत नाही गं त्याला," मी म्हटलं.

"धा दिवसांच्या पोराक तरी खय येता, ताई?" म्हणत ती खाली बसलीच. मग एकदम हात आखडला. "पण कोणाक सांगू नकात हां. कुत्र्याक लावलेलो हात पोराक कोण लावूक देईत? माझी घरा जातली."

मी शपथ घेतली.

रोज सगळी घरं आटपून ती यायची. निर्गुंडीचा पाला तिळाच्या तेलात उकळायची. पहिल्या दिवशी तिने त्यात कापूर घातला, तर सरदार शिंकत, मागचे पाय ओढत खाटेखाली सरपटला.

"चुकला माझा," ती हळहळली. "पोराक आयशीच्या लुगड्याचो वास दिलो की ता गप होता. ह्येचो माणूस कोण होतो?"

मी कपाटातून वाळ्याच्या अत्तराची कुपी काढली. रंगमंचावर जाण्यापूर्वी यजमान कानामागे लावायचे ती. फडक्यावर एक थेंब पुरला असता. पण सढळ हाताची सवय. मी तिच्या तळव्यावरच ओतलं.

सरदारने तो तळवा हुंगला, हुंगतच राहिला, आणि मान तिच्या मांडीवर टाकली. ती अंगठ्याने खुब्यापासून गुडघ्यापर्यंत उतरायची. नजर मात्र त्याच्या कानावर. कान हलला की अंगठा उचलायची. पंधरवड्यात तो आपला आपण उठून दारापर्यंत जायला लागला, आणि मी वेडी, रोज तिच्या हातावर अत्तर ओतत राहिले.

एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वसुधाने न्हालेल्या नातवाला उचललं आणि नाक त्याच्या टाळूला लावलं.

"शेवंती, हा श्यामरावांच्या अत्तराचा वास आमच्या पोराला कुठून आला गं?"

शेवंतीला खोटं बोलता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाचही घरं बंद झाली.

मी वसुधाकडे धावले. "चूक माझी आहे. ती रोज शिकेकाईने हात धुते."

"माणिकताई, महिन्याचं पोर आहे ते. मला डायलॉग नकोत."

ज्या आवाजाने मी थिएटरं रडवली, त्याच्यावर तिने दार लावून घेतलं.

पुढे आळीत आणखी दोन बाळं जन्मली. दोन्ही घरांनी दुसरी बाई बोलावली. शेवंती तरीही यायची, आता सकाळीच. सरदारचे पाय चोळायची आणि वरच्या मजल्यावर पोर रडलं की हात थांबायचे. मग मोरीत जाऊन राखेने, शिकेकाईने ते घासत बसायची. कातडी सोलवटली होती. अत्तर कधीच संपलं होतं.

एक दिवस तिने दोन्ही तळवे माझ्या नाकाशी धरले. "बघा गो ताई, अजून येता?"

वास खरंच नव्हता. "नाही गं, अजिबात नाही."

तिने तेच हात सरदारपुढे धरले. त्याने हुंगलं, डोळे मिटले आणि मान त्यांच्यावर टाकली.

"खोटा बोलतास, ताई," ती म्हणाली. त्याचं डोकं अलगद खाली ठेवून ती पुन्हा मोरीकडे गेली.