जावेच्या हाती दिलेली गाडी

गल्लीत तिला सगळे दातवाल्या बाई म्हणत. तिचे स्वतःचे दात शाबूत होते, पण दुसऱ्यांचे दात बनवणं हा तिचा धंदा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एका लांब टेबलाशी, ती तीस वर्षं कवळ्या करत आली होती. डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीतून ठसे पाठवायच्या आणि ही ते प्लास्टरमध्ये ओतून, मेणात एकेक दात बसवून, माणसाला त्याचं हसू परत द्यायची. "निम्म्या गावाची बत्तिशी माझ्या हातची आहे," असं ती म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

घरात मात्र ती थोरली. दोन भावांच्या दोन बायका, त्यांतली ही मोठी. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पण गेल्या सहा वर्षांत दोघींमध्ये कामापुरतं बोलणंही उरलं नव्हतं. सासूबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या तेव्हा सगळं थोरलीनं केलं. धाकटीनं पाठ धरल्याचं कारण सांगितलं आणि ती फिरकली नाही. सासूबाई गेल्या, पण ती अढी काही गेली नाही. समोरासमोर आल्या की दोघी हसायच्या, पण ते हसू कवळीसारखंच, बसवलेलं.

थोरली गाडी चालवायला शिकली तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. शिकवणाऱ्यानं पहिल्या आठवड्यात दोनदा देवाचं नाव घेतलं, पण ती शिकली, आणि स्वतःच्या कमाईतून एक छोटी निळी गाडी घेतली. नवऱ्याला गाडी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. तो शेजारी बसून, जणू त्याच्याही पायाखाली ब्रेक आहे, असा पाय आपटायचा. त्या गाडीला थोरलीशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

म्हणून त्या सकाळी धाकटी दवाखान्याच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा थोरलीला आधी वाटलं, कुणी गेलं की काय.

"ताई, माझ्या आईच्या डोळ्याची पट्टी काढायची आहे आज. टॅक्सीवाल्यानं ऐन वेळी नाही म्हटलं. हे बाहेरगावी आहेत." धाकटीनं एका दमात सांगितलं आणि मग खाली बघत म्हणाली, "गाडी द्याल का? दुपारपर्यंत आणून देते."

थोरलीचे दोन्ही हात प्लास्टरनं माखलेले. नाही म्हणायला जीभ उचललीही होती. पण म्हातारीचा डोळा मध्ये आला.

"लायसन आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. मागच्याच वर्षी नवं करून घेतलंय."

"पर्समधून किल्ली काढ. माझे हात खराब आहेत. आणि दुसऱ्या गिअरला जरा कुरकुरते, जोर करू नकोस."

दुपारी दोनला धाकटी परत आली, पण किल्ली हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"ताई, गाडी ठोकली मी."

घडलं ते असं. आईला घरी सोडून धाकटी गाडी परत करायला निघाली होती. शाळेच्या कोपऱ्यावर एक चेंडू रस्त्यावर आला. चेंडूमागे पोर येणार या धास्तीनं तिनं गाडी वळवली. पोर आलंच नाही. गाडी मात्र फुटपाथवर चढली आणि तिथे किल्ल्या बनवत बसणाऱ्या किल्लीवाल्याच्या टेबलाला धडकली. गाडीचा पुढचा दिवा फुटला, टेबल मोडलं, शेकडो किल्ल्या रस्त्यावर सांडल्या आणि स्वतःला सावरायला गेलेल्या किल्लीवाल्याचं मनगट दुखावलं. धाकटीनं त्याला गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, पट्टा बांधून घेतला, घरी सोडलं आणि मग ती इथे आली.

"तुला लागलं का?" थोरलीनं विचारलं. आपण गाडीआधी हे विचारलं, याचं तिला नंतर स्वतःलाच नवल वाटलं.

"नाही."

"आणि तो?"

"मनगट मुरगळलंय. हाड शाबूत आहे."

थोरलीनं हात धुतले आणि विमा एजंटाला फोन लावला. एजंट मोठा गोड माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, पोलिसांत नोंद झाली का?"

"अजून नाही."

"मग सोपं आहे. गाडी तुमच्या नावावर, विमा तुमच्या नावावर. तुम्हीच चालवत होता असं लिहू. उगाच दुसऱ्याचं नाव आलं की कागद वाढतात, प्रश्न वाढतात."

फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे धाकटीनं शब्दन्‌शब्द ऐकला. थोरलीनं क्षणभर विचार केला. तिला कटकट नको होती. शिवाय, खरं सांगायचं तर, धाकटीला आयुष्यभरासाठी उपकाराखाली ठेवायची ही आयती संधी होती. ती "बरं" म्हणणार, इतक्यात धाकटी म्हणाली, "नको ताई. माझं नाव लिहा."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"माझ्या हातून झालंय. उद्या किल्लीवाल्याला कुणी विचारलं तर तो काय सांगेल? बुटकी बाई उतरली. आणि तुम्ही खांबासारख्या उंच." हसण्याचा तिचा प्रयत्न अर्ध्यावरच राहिला. खुर्चीच्या कडेवर टेकून ती म्हणाली, "आणखी एक आहे. मी एकदा खोटं बोलून बसलेय. पुन्हा नाही जमायचं."

"कसलं खोटं?"

"सासूबाईंच्या वेळी माझी पाठ नव्हती धरली. मला त्यांच्या खोलीत यायची भीती वाटायची. माझे वडील मी लहान असताना तसेच पडून गेले. तो वास मला सहनच व्हायचा नाही. पण हे सांगायची लाज वाटली, म्हणून पाठ सांगितली. नंतर तुमच्याकडे बघायलाच नको वाटायचं. तुम्हाला वाटलं मी रागावलेय."

फोनमध्ये एजंट "हॅलो, हॅलो" करत होता. थोरलीनं त्याला "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला.

खरं तर तिनं चिडायला हवं होतं. सहा वर्षं राग जपून ठेवला होता, मुरंब्यासारखा. पण झाकण उघडलं तर आत काही नव्हतंच. तिला आठवलं ते एवढंच, की सासूबाईंना कुशीवर वळवताना आपल्यालाही कितीदा मळमळायचं, आणि आपणही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"वेडी आहेस," ती म्हणाली. "भीती वाटते म्हणाली असतीस, तर स्वयंपाकाचं तुझ्याकडे दिलं असतं. डबे तरी आले असते."

धाकटी रडली. थोरलीनं तिला रडू दिलं आणि टेबलावरचं मेण बाजूला सारून चहा ठेवला.

मग दोघी मिळून चौकीत गेल्या. धाकटीनं जे झालं ते सांगितलं. परत येऊन त्याच लांब टेबलावर, अर्धवट कवळ्यांच्या शेजारी, विम्याच्या क्लेमचा अर्ज भरला. चालकाच्या रकान्यात धाकटीचं नाव आलं. सोबत लायसनची प्रत, नोंदीची प्रत, मोडक्या दिव्याचे आणि मोडक्या टेबलाचे फोटो. एजंट फोनवर जरा नाराज झाला, पण म्हणाला, "बघू, काय होतं ते."

चौथ्या दिवशी गॅरेजमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला. बारीक अंगकाठीचा, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यानं थोरलीला विचारलं, "गाडी तुम्ही स्वतः होऊन दिली होती?"

"हो. किल्ली माझ्या पर्समधली."

"नेहमी नेतात का या?"

"पहिल्यांदाच मागितली."

"भाडं वगैरे काही घेतलं?"

"जावेला कुणी गाडी भाड्यानं देतं का हो?"

"विचारावं लागतं, बाई," सर्व्हेअर हसला. "भाड्यानं दिली असती तर विमा लागू झाला नसता. मालकाच्या परवानगीनं, लायसन असलेल्या माणसानं, एखाद्या वेळी नेली, तर अडचण नाही. विमा गाडीचा असतो, एका माणसाचा नाही. थोडा खर्च तुमच्या अंगावर येईल, आणि क्लेम न केल्याबद्दल पुढच्या वर्षी मिळणारी सवलत जाईल, एवढंच." मग कागद चाळत तो सहज म्हणाला, "बरं झालं खरं लिहिलंत. किल्लीवाल्याच्या समोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात कॅमेरा आहे. मी इथे यायच्या आधी तोच बघून आलो."

थोरलीला एजंटाचा गोड आवाज आठवला. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी मोडका दिवा न्याहाळत होती, जणू तिनं काही ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थोरली एकटीच किल्लीवाल्याच्या घरी गेली. मनगटाला पट्टा, आणि कामधंदा नाही म्हणून चिडलेला असेल, शिव्या ऐकायची तयारी ठेवून ती गेली होती. तो मात्र खाटेवर बसून डाव्या हातानं कुलूप खोलायचा सराव करत होता.

"तुमची जाऊ भली बाई आहे," तो म्हणाला. "दवाखान्यात माझ्यापेक्षा तीच जास्त थरथरत होती. शेवटी मीच तिला पाणी पाजलं. सांडलेल्या किल्ल्याही तिनंच, रस्त्यावर बसून, एकेक वेचल्या. गाड्या हॉर्न वाजवत होत्या. म्हणाली, दुसऱ्यांच्या दारांच्या आहेत, हरवायला नकोत."

हे धाकटीनं सांगितलं नव्हतं. थोरली घरी येताना रस्ताभर तेच चित्र बघत होती: ती ठेंगणी बाई, डांबरावर गुडघे टेकून, किल्ल्या गोळा करतेय. असल्या बाईला आपण सहा वर्षं स्वार्थी म्हटलं.

किल्लीवाल्याच्या नुकसानीचे कागदही त्याच अर्जासोबत मार्गी लागले. पाच आठवड्यांनी तो नव्या टेबलाशी बसायला लागला. गाडी त्याआधीच दुरुस्त होऊन आली. नव्या दिव्याची काच जुन्यापेक्षा जास्त चमकायची, त्यामुळे गाडी एक डोळा मिचकावतेय असं वाटायचं. थोरलीनं तो तसाच राहू दिला.

वर्षअखेर विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा ती स्वतः कार्यालयात गेली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "गरज नसते म्हणतात, तरी गाडी चालवणाऱ्यांत आणखी एक नाव घालायचं आहे."

मुलीनं नाव टाइप केलं. "नातं?"

"जाऊ."

मुलीनं यादी वरखाली केली. "यात आई, बहीण, मुलगी आहे. जाऊ नाहीये. 'इतर' टाकू?"

"इतर कशाला?" थोरली म्हणाली. "पेन द्या, मी हातानं लिहिते."

आणि छापलेल्या कागदावर, रकान्याच्या बाहेर अक्षर जाईल इतकं मोठं, तिनं लिहिलं: जाऊ. मुलीनं शिक्का मारून कागद परत दिला. थोरलीनं बाहेर पायरीवर येऊन धाकटीला फोन लावला. "अगं, शनिवारी मोकळी आहेस का? घरी ये, गाडी तू चालव. मला आता ड्रायव्हरशेजारी बसून पाय आपटायचाय."