कर्णिक साहेबांचा वडा आणि सरकारी बोर्ड

लोकांच्या खाण्यावर लक्ष ठेवायची नोकरी लागली की किस्से आपोआप जमतात. आमचं ऑफिस लोअर परळला. कुठल्या पदार्थात किती तेल, किती साखर याचे बोर्ड सरकारी कॅन्टीनमध्ये लागलेत ना, ते वाचून माणसं खरंच कमी खातात का, हे आम्ही तपासतो. आमचे प्रमुख कर्णिक साहेब. त्यांना डॉक्टरांनी दम भरलेला, "पुढच्या तपासणीत शुगर उतरली नाही तर इन्सुलिन!" आणि साहेब सुईला जाम घाबरतात.

*

काळाचौकीच्या एका कॅन्टीनमध्ये बोर्डच दिसेना. कॅन्टीन चालवणारे गावडे म्हणाले, "आसा मां, फ्रीजच्या पाठी! गिरायकां वाचून घाबारतत."

मी म्हटलं, "अहो, घाबरावं म्हणूनच दिलाय!"

"मगे वडे कोण खातलो? तुमी?"

साहेब लगेच म्हणाले, "एक आणा. सॅम्पल म्हणून."

*

दुसरीकडे बोर्ड अगदी समोर. एक काका चष्मा लावून सगळा वाचत होते. मला गहिवरून आलं! विचारलं, "काका, काय ठरवलंत?"

"समोशात तेल जास्त, जिलबीत साखर जास्त. म्हणून दोन्ही अर्धी-अर्धी प्लेट!"

*

मग एका कॅन्टीनमध्ये वडा एकदम खपेनासा झाला. आम्ही पेढे वाटायच्या बेतात! तेवढ्यात आमच्या ऑफिसातली स्नेहल गेटबाहेर डोकावून आली. "सर, सगळं पब्लिक बाहेरच्या वडापावच्या गाडीवर आहे. तिथे बोर्ड नाहीये ना!"

गाडीवाला तर तिला म्हणाला, "मॅडम, असे बोर्ड सगळीकडे लावा हां!"

*

साहेबांच्या घरी मात्र धोरण कडक. वहिनींनी कढई माळ्यावर टाकली, साहेबांना सोबत म्हणून स्वतःही तळलेलं सोडलं. साहेब दुधीचा डबा उघडून आमच्याकडे असे बघायचे की आम्हालाच रडू यायचं. "सोडला रे बाबा वडा, कायमचा," म्हणायचे. मला खरंच त्यांची काळजी वाटायची.

*

शुगरच्या तपासणीच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "चल, डिलाईल रोडच्या गाड्यांची पाहणी करू." पाहणी कसली! पहिल्याच गाडीवर त्यांनी हळूच एक बोट वर केलं. गाडीवाल्याने चटणी लावून वडा पावात भरला. साहेबांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. शेजारी वहिनी! बँकेतून परस्पर आलेल्या, हातात अर्धा वडापाव.

"अगं, तू... तू पण सोडलं होतंस ना?"

वहिनींनी शांतपणे घास संपवला.

"इन्सुलिन मला थोडंच घ्यावं लागणार आहे," म्हणाल्या. मग गाडीवाल्याकडे वळून, "भाऊ, ह्यांचा पण मलाच द्या!"