गाळातला साष्टांग

देवावरची माझी श्रद्धा बायकोच्या जिवावर चालायची. गुरुवारचा उपास तिनं करायचा आणि साबुदाण्याची खिचडी मी खायची. देव ऐकतो का, हा प्रश्न मला पडायचा. पण ऐकून घ्यायची वेळ आपल्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

साल चौऱ्याण्णव की पंच्याण्णव. दिवाळीच्या सुट्टीत दुर्बीण गळ्यात अडकवून कराडहून एकटाच निघालो. घरी सांगितलं, मायणीच्या तलावावर पक्षी बघायला जातो. विट्याच्या स्टँडवर एक जण म्हणाला, जतकडच्या एका तळ्यावर चक्रवाक उतरलेत. झालं! समोर जतची एसटी उभी होती, बसलो. घरी फोन करावा असं मनात आलं, पण बूथवर रांग होती आणि चक्रवाक काय माझ्यासाठी थांबणार होते?

जतच्या अलीकडे उतरून तासभर चालल्यावर तळं लागलं. पाणी बरंच मागे हटलेलं, काठाला वाळलेल्या गाळाचा भेगाळलेला पट्टा. पलीकडे खरोखरच चक्रवाकांची नारिंगी जोडी होती. अलीकडे लांब लाल पायांच्या शेकाट्या गाळावर तुरुतुरु चालत होत्या. त्या चालताहेत म्हणजे जमीन भक्कम, असं मी ठरवलं. शेकाट्या पाव किलोच्यासुद्धा नसतात आणि मी ब्याऐंशी किलोचा, हे मांड्यांपर्यंत रुतल्यावर सुचलं.

एक पाय उपसावा तर दुसरा आणखी आत. बघता बघता कमरेपर्यंत गेलो. हाका मारल्या, चक्रवाक उडाले, माणूस कुणी आलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा खरी गोम ध्यानात आली. उद्या माझा शोध सुरू होणार तो मायणीला. बायको आणि तिचे भाऊ त्या तलावाला फेऱ्या घालणार, आणि मी इथं.

स्तोत्र एकही आठवेना. आरती म्हणायला गेलो तर दोन आरत्यांची मिसळ झाली. शेवटी म्हणालो, "दत्तमहाराज, मला वर ओढा." वर सूचनाही दिली: बैलजोडी धाडा, आणि दोर जाड असू द्या.

"आरं ए चष्मेवाल्या!"

मागच्या टणक काठावर एक धनगराची म्हातारी उभी होती. सोबत एकुलती एक मेंढी.

"मेंढरू रुतलं तर समजावं, त्याला अक्कल न्हाई. तू कशाला घुसलास रं?"

"मावशी, ओढा मला!"

"म्या काय वढतीया तुला? मीबी आत यीन. पालथा पड."

"पालथा?"

"देवाला साष्टांग घालत्यात न्हवं? तसा. रुतल्यालं मेंढरू आमी आदी आडवंच करतो."

साष्टांग मी आयुष्यात घातला नव्हता. पोट आडवं यायचं, शर्टाची इस्त्री मोडायची. "बुडेन की मी!" असं ओरडलो.

"उभा हाईस म्हणून बुडतुयास," म्हातारी म्हणाली आणि खांद्यावरचं घोंगडं तिनं माझ्या बाजूला गाळावर फेकलं.

कमरेतून तिच्याकडे वळलो, डोळे मिटले आणि घोंगड्यावर अंग टाकलं. इतका वेळ गिळणाऱ्या गाळानं मला तोलून धरलं. एकेक पाय हळूहळू सुटला. सरपटत काठाला लागलो.

"मावशी, तुम्ही इकडं कशा आलात?"

"आमच्या मेंढरांचं पानी रोज पल्याडच्या काठाला. ही सटवी आज कळपातनं फुटली. लय पळवलं बग हिनं." एवढं बोलून तिनं घोंगडं झटकलं आणि मेंढीला शिव्या देत ती निघाली.

हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. मेंढ्या चुकतातच. एवढं खरं, की मी वर ओढायला सांगत होतो आणि उत्तर आलं ते खाली पडायचं. बैलजोडीची वाट बघत ताठ उभा राहिलो असतो, तर ही ओळ लिहायला उरलो नसतो. त्या माउलीचे उपकार फिटायचे नाहीत. देवाकडे अजूनही मी पुष्कळ मागतो, सवय जात नाही. फक्त ते कसं द्यायचं, हे त्याला सांगत बसत नाही.