कागदासाठी दिलेला कापूस

देवाजीभाऊंना कापूस द्यायला गेलं की ते झोळीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरत आणि विचारत, "कायच्यासाठी देऊन राहिली, बाई?" समोरची बाई दिवसभर वेचणी करून वाकलेली, डोक्यावर ओझं, घरी चूल पेटवायची घाई. ती चिडे. "कागदासाठी, बापा! दुसरं काय, तुह्या लग्नासाठी?" मग झोळी उघडे. वेचणीची मजुरी तेव्हा पुष्कळ ठिकाणी कापसातच मिळे. त्यातली एक मूठ आत पडे. कुणी दुसरी देऊ लागलं तर ते हात बाजूला सारत. एका घराची एकच मूठ.

'कागद' म्हणजे आमचं चार पानी पाक्षिक. त्याला छापील नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. देवाजीभाऊ अमरावतीच्या एका छापखान्यात खिळे जुळवत. सुटीच्या दिवशी मालक त्यांना यंत्र वापरू देई. शाई आणि छपाईच्या कागदाचा खर्च या कापसातून निघे. कापूस माझ्या खोलीत साठे आणि मी तो बाजारात विकत असे. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होते म्हणून लोकांचा माझ्यावर विश्वास होता असं मला वाटे. खरं तर वस्तीतली सगळ्यांत कोरडी खोली माझी होती.

धर्मांतराला काही वर्षं झाली होती. नांदगाव खंडेश्वरपासून धामणगावपर्यंतच्या बौद्ध वस्त्यांतून देवाजीभाऊ सायकलवर हिंडत. कुणी विहिरीवरचं भांडण सांगे, कुणी पोरगी सातवी पास झाल्याचं, कुणी आजीची ओवी. ते लिहून घेत आणि निघण्याआधी सांगणाऱ्याला वाचून दाखवत. म्हणत, "मेल्यावर आपली बातमी छापनारे लय आहेत. आपन जितेपनीची छापू."

एकदा कापसातली सरकी काढायचं जिन चालवणाऱ्या एका शेठने वर्षभराचा छपाईचा कागद फुकट देऊ केला. अट काहीच नव्हती. मी म्हटलं, डोळे मिटून घ्या.

"आज अट नाई, मास्तरीनबाई. उद्या त्याच्या जिनात एखाद्या बाईचा हात सापडला, तं छापू का नको, हे मले त्याचं तोंड पाहून ठरवा लागन."

त्यांनी नकार कळवला. मी बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढच्या वर्षी ऐन वेचणीत त्यांना रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, पोटात व्रण आहे, नागपूरला नेऊन ऑपरेशन करा, उशीर नको. देवाजीभाऊंना मागेपुढे कुणी नव्हतं. माझा पगार त्यांच्या औषधांतच संपला होता. खोलीत मात्र कापूस छताला लागला होता. तो विकायला न्यावा म्हणून मी गाडीवाल्याला बोलावलं, तर देवाजीभाऊ खाटेवरून उठून माझ्या दारात येऊन बसले.

"कोनाचा आहे तो कापूस?"

"तुमच्याच लोकांचा. कुणी नाही म्हणणार नाही."

"नाई म्हननार, मले ठाऊक आहे. पन विचारलं का? त्यायनं कागदासाठी म्हनून देल्ला."

"देवाजीभाऊ, मराल."

"मंग लवकर विचारा."

जबरदस्तीने विकला असता तर त्या माणसाने नागपूरला पाऊल टाकलं नसतं. मी त्यांना ओळखत होते. शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि निघाले. एसटीने, बैलगाडीने, उरलेलं पायी. बाया घरी नव्हत्या, शेतात होत्या, म्हणून शेताशेतात गेले. सगळीकडे आधी शिव्या आणि मग होकार. "मुडदा मरून राहिला अन् आमाले विचारून राहिला?" धामणगावच्या अलीकडच्या गावात बायजाबाई होती. कागदात तिच्या ओव्या येत. तिने माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "इथं काहून उभी आहे मंग? जाय ना, बाई, जाय!" आणि मला अक्षरशः बांधापर्यंत ढकलत नेलं.

धामणगावहून गाडीने परतले. वस्तीत शिरले तेव्हा देवाजीभाऊंच्या दारात माणसं जमली होती. पहाटे व्रण फुटला होता.

मी त्यांच्यावर तेव्हा रागावले आणि तो राग अजून गेलेला नाही. त्यांना शेवटचं पाहतानाही मनात तोच होता. रडायला मला बरेच महिने लागले.

कापूस तसाच पडून होता. वस्तीतले लोक म्हणाले, त्यांच्यावर अंक काढा, फोटो छापा, पैसा आहेच. पण तो पैसा आता कागदाचा नव्हता. घराघराने तो देवाजीभाऊंच्या ऑपरेशनसाठी दिला होता. मी म्हटलं, विचारून येते. हा खुळेपणा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. उरलेल्या रजेत मी पुन्हा त्याच रस्त्याला लागले आणि प्रत्येक ठिकाणी आधी ते गेल्याचं सांगत गेले.

बायजाबाईने मला लांबून ओळखलं. ओटीतला कापूस सांभाळत ती बांधावर धावत आली. "आनलं का देवाजीले नागपूरहून?"

मी सांगितलं. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "लवकर काहून नाई नेलं त्याले? एवढे दिवस काय करून राहिली होती तू?"

"तुमाले विचारून राहिली होती," मी म्हटलं.